काठी किती दिवस? कोवळ्या फळझाडांच्या आधाराबद्दल भिलाईकरांसाठी थोडे करा, थोडे टाळा

भिलाईत आंब्याचे कलम घरी आले की पाठोपाठ काठी येते. रोप खड्ड्यात बसते न बसते तोच बुडापासून शेंड्यापर्यंत काठीला बांधले जाते, गाठ पक्की मारली जाते आणि मग तिकडे कुणी फिरकत नाही. हेतू चांगलाच असतो. एप्रिल ते जूनमधला इथला अंधड ज्याने एकदा पाहिला, त्याला रोप मोकळे सोडवत नाही. पण कोवळी झाडे पडतात ती बहुधा काठीवाचून नव्हे. मुळे खाली गेलेली नसतात म्हणून ती पडतात. आणि जी वर्षानुवर्षे आवळून ठेवलेली असतात, ती काठी मोडली त्या दिवशी पडतात. म्हणून पुढच्या यादीत काठीइतकीच जमिनीचीही गोष्ट आहे.

सोव्हिएत मदतीने पोलाद कारखाना उभारण्याचा करार १९५५ चा, पहिली झोतभट्टी पेटली १९५९ मध्ये. त्या काळापासून नागपूर, भंडारा, गोंदियाकडची कितीतरी मराठी घरे इथल्या सेक्टरांमध्ये राहायला आली. क्वार्टरला अंगण मिळाले आणि अंगणात आंबा, पेरू, लिंबू, शेवगा आला. ही यादी अशा अंगणांसाठी आहे. शिवनाथच्या काठाला ज्यांची शेती आहे, त्यांनाही ती चालेल.

खड्डा आधी, काठी नंतर

करा: आधी जमीन ओळखा. छत्तीसगडच्या मैदानात माणसे मातीला चार नावांनी ओळखतात: उंचवट्यावरची मुरमाड भाटा, पिवळसर मटासी, तिच्याहून भारी डोरसा आणि खोलगटातली काळी कन्हार. भाट्यात हात-दीड हात खाली कठीण मुरूम लागतो, मूळ तिथेच आडवे वळते आणि झाड उथळ बशीत ठेवल्यासारखे उभे राहते. कन्हार उन्हाळ्यात भेगाळते, तंतुमुळे तोडते आणि पावसात फुगून पाणी धरून ठेवते. दोन्हीकडे झाड कलते, पण कारण वेगळे, म्हणून उपायही वेगळा.

करा: भाट्यात आंब्यासाठी तिन्ही बाजूंनी एक मीटरचा खड्डा घ्या, पेरू-लिंबाला दोन फूट पुरतात. तळाचा मुरूम सब्बलीने फोडा. नुसता खड्डा खणून तळ तसाच कठीण ठेवला, तर मूळ कुंडीतल्यासारखे गोल फिरते. खड्डा मे महिन्यात खणा, उन्हात तापू द्या, मग चांगली माती, कुजलेले शेणखत आणि थोडी निंबोळी पेंड घालून भरा. दोन-चार चांगले पाऊस झाले आणि माती बसली की लागवड करा. जूनच्या मध्यावर पाऊस इथे पोचतो. जुलै हा लागवडीचा खरा महिना.

करा: क्वार्टरच्या अंगणात खणताना विटांचे तुकडे, सिमेंटचे थर लागले तर बाहेर काढा. ते खाली राहिले की एका बाजूची मुळे वाढतच नाहीत आणि झाड पुढे त्याच बाजूला उचलले जाते.

करा: पिशवी फाडून मुळे बघा. तळाशी गोल गुंडाळलेली असतील तर धारदार कात्रीने कापून टाका. कापायला हात धजत नाही, हे खरे. पण गुंडाळलेले मूळ पुढेही गुंडाळलेलेच जाड होते आणि पाच-सहा वर्षांचे, फळाला आलेले झाड एका अंधडात मुळासकट उपटून येते. तेव्हा कोणतीही काठी उपयोगी पडत नाही.

टाळा: कलमाचा जोड मातीत पुरणे. झाड स्थिर राहावे म्हणून खोल लावण्याची सवय फार जणांना आहे. जोड जमिनीच्या वर किमान वीतभर हवा. नागपूरहून आणलेल्या संत्र्याच्या कलमाला हे आणखीच लागू, कारण खुंट बऱ्याचदा डिंक्या आणि मूळकूज सोसावी म्हणून निवडलेला असतो. वरचे संत्रे जमिनीला टेकले तर खुंटाचा तो गुण वाया गेला.

टाळा: कन्हारीत सपाटीला लागवड. तिथे वीतभर उंच वरंबा किंवा गादी करून लावा. पपईच्या बुडाशी दोन दिवस पाणी तुंबले तरी मुळे कुजतात, मग पहिली झुळूक तिला आडवी करते आणि दोष वाऱ्यावर जातो.

काठी कुणाला नको

टाळा: प्रत्येक रोपाला सवयीने काठी देणे. बुटके, भरल्या खोडाचे, स्वतः उभे राहणारे रोप मोकळेच ठेवा. सीताफळ बुडापासून फुटते, त्याला काठी नको. कागदी लिंबू बियांपासून वाढवलेले असेल तर सहसा नको. फणसाचे सोटमूळ शाबूत असेल तर नको.

करा: शक्य असेल तिथे जागच्या जागी कलम करा. भाट्यावर आपोआप उगवलेली गावठी बोर जमिनीलगत छाटा, येणाऱ्या नव्या फुटव्यावर चांगल्या जातीचा डोळा भरा. त्या बोरीचे सोटमूळ आधीच मुरूम चिरून खोल गेलेले असते. अशी बोर वाऱ्याला भीत नाही, पाणीही मागत नाही. भाट्याच्या मालकांना मी हाच सल्ला सगळ्यात आधी देईन.

करा: शेवग्याचा शेंडा ते मीटरभर उंच झाले की खुडा. पेरूचाही दोन-अडीच फुटांवर. फांद्या खाली फुटतात, डोके हलके राहते आणि काठीचे काम निम्मे होते. उंच, एकदांडी रोप दिसायला छान असते, पण वारा त्यालाच धरतो.

काठी हवी ती कुणाला? नुकत्याच भरलेल्या आंब्याच्या कलमाला, जोड अजून कच्चा असतो म्हणून. रोपवाटिकेत दाटीत वाढून लांबुळक्या झालेल्या रोपाला. मोकळ्या मैदानाच्या कडेला, रस्त्याच्या तोंडाशी, दोन इमारतींच्या मधल्या बोळात लावलेल्या झाडाला. बोळात वारा जोर धरतो. आणि लागवड करून मुळे अजून बसायची आहेत अशा कोणत्याही डोलणाऱ्या रोपाला, पण तेवढ्याच काळापुरती.

काठी कशी, कुठे

करा: भरीव बांबू घ्या. मध्य भारतातल्या जंगलातला मानवेल इथे सहज मिळतो. तो पोकळ बांबूपेक्षा टिकतो. लांबी पाच फूट, पैकी दीड फूट जमिनीत. रोपापेक्षा उंच काठी कशालाही लागत नाही.

करा: टोक जाळून काळे करा किंवा डांबरात बुडवून पूर्ण वाळवा. इथल्या लाल मातीत वाळवी बांबू एका पावसाळ्यात पोखरते आणि मग काठी झाडाला धरत नाही, झाडच काठीला धरून उभे असते. शिवाय काठीवरून चढलेली वाळवी कोवळ्या सालीवरही जाते. महिन्यातून एकदा काठी हलवून बघा. मातीचे पापुद्रे दिसले तर खरवडून काढा, काठी बदला.

करा: काठी रोपाच्या आधी ठोका, मग रोप बसवा. नंतर ठोकायची वेळ आलीच तर बुंध्यापासून फूट-सव्वा फूट लांब ठोका, म्हणजे मुळांचा गड्डा फुटणार नाही. एकच काठी असेल तर ती पश्चिम-नैर्ऋत्येला घ्या. पावसाळी वारा बहुतेक तिकडून येतो आणि रोप काठीपासून दूर झुकते, तिच्यावर आपटत नाही. मोकळ्या जागी दोन काठ्या बऱ्या: रोपाच्या दोन बाजूंना, मधे रुंद पट्टी. रोप मधल्या मधे डोलते आणि साल कुठेच घासत नाही.

टाळा: लोखंडी सळई. पोलादाच्या गावात सळईचा तुकडा बांबूपेक्षा लवकर हाती लागतो, त्यामुळे हे मुद्दाम लिहावे लागते. पारा पंचेचाळिशीला टेकला की सळई तापते, तिच्या नक्षीदार कडा वाऱ्याच्या प्रत्येक झोक्याला साल किसतात आणि बांबूसारखी ती जराही वाकत नाही. सळई कठड्याला वापरा, झाडाला लावू नका.

टाळा: ओल्या फांदीची काठी. बेशरम, शेवगा, गिरिपुष्प यांची ओली फांदी ठोकली की पावसात तिला मुळे फुटतात आणि रोपाचे पाणी ती पिते.

टाळा: रोपवाटिकेतून आलेली बारीक कामटी आणि तिच्यावरच्या प्लास्टिकच्या गाठी तशाच ठेवणे. कलमाच्या जोडावरची पट्टीही जोड पक्का झाला की ब्लेडने उभी चिरून काढा. आंब्याची कलमे दगावतात त्यातली पुष्कळ या विसरलेल्या पट्टीने.

बांधताना

करा: गाठ कुठे मारायची ते रोपालाच विचारा. खोड दोन बोटांत धरा आणि हात शेंड्याकडून हळूहळू खाली आणा. एका जागेखाली धरले की शेंडा झुकतो, तिथे धरले की उभा राहतो. त्या जागेच्या चार-सहा बोटे वर बांधा. बहुतेक रोपांना ही जागा उंचीच्या निम्म्याच्या आतच सापडते. कलमाचा जोड कच्चा असेल तर पहिले काही महिने जोडाच्या वीतभर वर एक सैल वेढा चालेल.

करा: आठ आकड्याचा वेढा घ्या. एक फेरा खोडाला, मधे पीळ, दुसरा फेरा काठीला, गाठ काठीच्या बाजूला. खोडाच्या फेऱ्यात दोन बोटे सहज शिरली पाहिजेत.

करा: जुन्या सुती साडीची दोन बोटे रुंद पट्टी, सायकलच्या ट्यूबचा तुकडा, सुतळी, अंबाडीचा दोर यांपैकी जे हाताशी असेल ते घ्या. सुती पट्टी मला सगळ्यात पसंत, कारण वर्षभरात ती आपोआप कुजते. विसरभोळ्या माणसाच्या झाडाला हेच वाचवते.

टाळा: नायलॉनची दोरी, विजेची वायर, बांधकामाची तार. तारेवर पाइपचा तुकडा चढवला तरी नको. पानात तयार झालेले अन्न सालीच्या अगदी आतल्या थरातून मुळांकडे उतरते. तार रुतली की ते तिथेच अडते: तारेच्या वर खोड फुगते, खाली बारीक राहते, मुळे उपाशी मरतात. झाड मात्र एखादे वर्ष हिरवेगार दिसते, मोहोरतेही भरभरून, म्हणून कुणाला शंका येत नाही. खोडावर असा उंचवटा दिसला तर त्याच दिवशी तार कापा. सालीत पूर्ण गाडली गेली असेल तर ओढून काढू नका. दिसते तेवढी तुकडे करून सोडवा आणि बाकी झाडावर सोपवा.

टाळा: गच्च बांधणे. हा सगळ्या यादीचा गाभा आहे. इंग्लंडमधले फळझाडांचे अभ्यासक थॉमस अँड्र्यू नाइट यांनी १८०३ मध्ये एक प्रयोग मांडला होता. त्यांनी सफरचंदाची कोवळी झाडे अशी बांधली की खालचे खोड वाऱ्याने हलू नये. ती झाडे मोकळ्या झाडांपेक्षा कमी जाडावली. एका झाडाला त्यांनी फक्त उत्तर-दक्षिण डोलू दिले. त्याचे खोड त्या दिशेने जाड झाले, दोन व्यासांचे प्रमाण १३ ला ११. म्हणजे झाड जिकडे हलते तिकडेच लाकूड घालते. पुढे १९७३ मध्ये अमेरिकेतल्या मार्क जॅफ यांनी दाखवले की रोपाचे खोड रोज नुसते चोळले तरी ते उंचीला कमी आणि जाडीला जास्त वाढते. गच्च बांधलेल्या झाडाला हा व्यायाम मिळत नाही. ते झपाट्याने उंच होते, मालक खूश होतो, आणि बुंधा मात्र मनगटाएवढाही होत नाही.

टाळा: बांधलेल्या रोपावर आणखी काही टांगणे. कपड्यांची दोरी, दिवाळीच्या माळेची वायर, मुलाचा झोका: यातले काहीही तीन वर्षांच्या आतल्या झाडाला नको.

अंधडाच्या आधी, अंधडाच्या नंतर

करा: मार्चअखेर सगळ्या काठ्या आणि गाठी तपासा. दाट वाढलेल्या शेंड्यातून आतल्या बाजूच्या, एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या काढा, वारा आरपार जाऊ द्या. खुंटातून फुटलेले धुमारे बुडापासून छाटा. ते वजन वाढवतात आणि कलमाचा घास खातात.

करा: आळ्यात तणशीचे आच्छादन घाला. धानाच्या या मुलखात पैरा म्हणून ती हवी तेवढी मिळते. कन्हारीत भेगा पडत नाहीत, भाट्यात ओल टिकते. खोडापासून वीतभर जागा मोकळी सोडा, नाहीतर वाळवी थेट सालीपर्यंत पोचते.

करा: अंधडाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी प्रत्येक रोपाचा बुंधा बघा. झोके खाऊन बुडाशी मातीत गोल पोकळी पडलेली दिसेल. तीत पाणी साचून बुंधा कुजतो. भोवतीची माती आत लोटा, टाचेने दाबा. दोन मिनिटांचे काम आहे आणि काठीपेक्षा जास्त झाडे त्याने वाचतात.

करा: झाड आडवे झाले तर त्याच दिवशी उभे करा. उघड्या मुळांवर लगेच ओले पोते टाका. इथल्या मेच्या उन्हात ती तासा-दोन तासांत मरतात. फाटलेली मुळे धारदार कात्रीने सरळ कापा. ज्या बाजूने मुळे उचलली गेली तिथली माती काढून खड्डा मोकळा करा, म्हणजे मुळे दुमडल्याशिवाय परत आत बसतील. मग दोघांनी मिळून हळूहळू उचला. एकाने खांद्याने रेटले की उरलेल्या बाजूची मुळेही तुटतात. फांद्यांचा तिसरा हिस्सा छाटा, कापांवर बोर्डो पेस्ट लावा, तीन बाजूंना तीन खुंट्या ठोकून रुंद पट्ट्यांनी ताण द्या. हा ताण पुढचा पूर्ण पावसाळा आणि त्यापुढचा उन्हाळा राहू द्या. काठी दीर्घकाळ ठेवायला माझी खुशीने संमती आहे ती इथे.

टाळा: पडलेल्या झाडाला लगेच युरिया देणे. नवी मुळे येईपर्यंत त्याला फक्त ओल आणि सावली हवी.

गुरे आणि कठडा

धान कापून झाले की गावोगाव गुरे मोकळी सुटतात, आणि सेक्टरांतल्या रस्त्यांवर तर ती बारमाही असतात. काठीला बांधलेले रोप गाईला अंग खाजवायला सोयीचेच.

करा: बांबूच्या कामट्यांचा कठडा करून घ्या, रोपापासून फूटभर लांब, शेळी मान घालणार नाही इतका उंच. भाट्यात कठड्याचे पायही जाळून काळे केलेले हवेत.

टाळा: रोप कठड्यालाच बांधणे. गाय कठड्याला टेकली की झटका सरळ खोडाला बसतो.

फळ धरू लागल्यावर

टाळा: पहिल्या दोन-तीन वर्षांत आंब्याचा मोहोर राखणे. विशेषतः आम्रपाली. दशहरी आणि नीलम यांच्या संकरातली ही बुटकी जात लहान अंगणाला फार योग्य, पण ती पोरवयातच फळे धरते आणि बोटाएवढी फांदी ओझ्याने चिरते. मोहोर खुडताना वाईट वाटते. तरी खुडा.

करा: भरलेल्या फांदीला खालून टेकू द्या. वरूड-मोर्शीकडे संत्र्याच्या बागांत फळांच्या भारात बांबूचे टेकू उभे असतात, तीच रीत अंगणातल्या एका झाडालाही चालते. बेचक्याचा बांबू घ्या, बेचक्यात गोणपाट गुंडाळा आणि टेकू फांदीच्या टोकाकडच्या तिसऱ्या हिश्श्यात लावा. केळीला दोन बांबूंची कैची करून, घड जिकडे झुकला त्या बाजूने गळ्याशी आधार द्या. तिथे वाळक्या पानांची चुंबळ ठेवा. फळे उतरली की टेकू त्याच दिवशी काढा.

काठी काढताना

करा: जुलैत लावलेले रोप ऑक्टोबरात, पाऊस सरल्यावर, सोडून बघा. उभे राहिले तर काठी काढून टाका. हिवाळ्यात वारा सौम्य असतो. एप्रिलच्या आधी खोडाला हळूहळू डोलायची सवय लागते. झुकले तर पुन्हा बांधा, पण आधीपेक्षा चार बोटे खाली आणि आणखी सैल.

टाळा: दुसऱ्या पावसाळ्यानंतरही काठी ठेवणे. तेव्हाही झाड उभे राहत नसेल तर दोष मुळांत आहे, शेंड्याच्या वजनात आहे किंवा सावलीत लावण्यात आहे. शेंडा छाटा, बुडाची माती उकरून बघा. काठी जाड केल्याने यातले काहीच सुटत नाही.

टाळा: ऐन मे महिन्यात काठी काढणे. काढायचीच वेळ आली तर पाऊस पडेपर्यंत थांबा, आणि उघड्या पडलेल्या खोडाला उन्हाच्या बाजूने चुन्याचा हात द्या.

करा: निवृत्तीनंतर क्वार्टर सोडताना सामान बांधायच्या आधी अंगणात एक फेरी मारा आणि तुम्ही बांधलेली प्रत्येक दोरी, पट्टी, तार सोडवा. नव्या कुटुंबाला ती कुठल्या पानाआड आहे हे कळायला दोन-तीन वर्षे जातात, आणि तेवढ्यात ती सालीत गेलेली असते. कोणत्या झाडाची लागवड कधीची, कुठला खुंट, पाणी कुठून येते, एवढे एका कागदावर लिहून त्यांच्या हातात द्या.